साहेबांकडे न बघता बोलणं

मालकांनी पहिल्या फोनवर जे मागितलं ते कोचिंग नव्हतंच. "गंगापूर धरणाकडे एखादं रिसॉर्ट बघतो मॅडम, शनिवार-रविवार घेऊन टाका. पोरं कामाला वाघ आहेत, लीडरशिप तेवढी कमी पडते." पोरं म्हणजे तिशी ते पन्नाशीतले पाच प्रोजेक्ट मॅनेजर, त्यांत एक बाई. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली ही कंपनी वाहन कारखान्यांसाठी कन्व्हेयर आणि त्यांचे कंट्रोल पॅनल बनवते. माल चाकणला जातो, साणंदला जातो, कधीमधी पार उत्तराखंडात पंतनगरला. ऑर्डरी वाढल्या तसे चांगले इंजिनिअर उचलून प्रोजेक्ट मॅनेजर केले गेले. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे असंच होतं. ज्याचं वायरिंग सगळ्यात चोख, त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घ्यायचा आणि एक्सेल शीट द्यायची.

मीही त्याच वाटेने गेलेली. सातपूरला स्विचगिअरच्या कारखान्यात टेस्टिंगपासून सुरुवात, मग बरीच वर्षं प्रोजेक्ट्स. नोकरी सोडल्यावर कोचिंग रीतसर शिकले. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी निदान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचं प्रत्यक्ष कोचिंग लागतं, ते पूर्ण केलं. त्यामुळे रिसॉर्टवरच्या लीडरशिपचं काय होतं ते मला दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. स्ट्रॉचे मनोरे बांधायचे, डोळ्यांना पट्टी लावून एकमेकांच्या भरवशावर चालायचं, रात्री गाणी, निघताना ग्रूप फोटो. आणि सोमवारी सकाळी परत तोच फोन: "मटेरियल का नाही आलं?"

मालकांना भेटायला गेले तेव्हा त्यांच्या टेबलावर तीन मोबाइल होते आणि तिन्ही वाजत होते. मी माझं म्हणणं मांडलं. रिसॉर्ट नको. प्रत्येकाशी साधारण पंधरा दिवसांनी एकेकटं, निवांत बोलणं होईल, सहा महिने तरी. मी त्यांच्या रिव्ह्यू मीटिंगला नुसती बसेन, बोलणार नाही. आणि खोलीत जे बोललं जाईल ते खोलीतच राहील.

शेवटची अट त्यांना पटेना. "पैसे मी मोजणार आणि मलाच कळणार नाही?"

प्रश्न गैर नव्हता. पण समोरच्या माणसाला जर वाटलं की या बाई वर जाऊन सांगणार, तर तो मला तेच सांगेल जे साहेबांना सांगतो, आणि मग माझी गरजच काय? फेडरेशनच्या आचारसंहितेतही पैसे देणारा आणि कोचिंग घेणारा असा स्पष्ट फरक केला आहे. कोणाला काय कळेल हे आधी ठरवून घ्यायचं असतं. आम्ही एक पानभर मराठीत लिहून काढलं. प्रत्येकाचं उद्दिष्ट तिघांनी बसून ठरवायचं. तो सेशनला येतो की नाही एवढं मालकांना कळेल. प्रगती त्याची त्यानेच सांगायची. बेकायदा काही असेल किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. बाकी काहीही बाहेर जाणार नाही. मालकांनी सही केली, पण चेहऱ्यावर "बघू" असं लिहिलेलं होतं. ते पान पुढे कामाला आलं.

त्यांची रिव्ह्यू मीटिंग सोमवारी असायची. स्क्रीनवर ट्रॅकर, त्यात लाल, पिवळे आणि हिरवे चौकोन. मी कोपऱ्यात वही घेऊन बसले. प्रत्येक माणसासाठी एक गोल काढला आणि कोण कोणाला उद्देशून बोलतो त्याचा बाण काढत गेले. तासाभरात पान भरलं. जवळजवळ सगळे बाण साहेबांच्या, म्हणजे मालकांच्या, गोलाकडे जात होते किंवा तिथून निघत होते. पाच प्रोजेक्ट मॅनेजरांच्या आपापसातले बाण शोधावे लागत होते. त्या दिवशी दोघांना एकाच आठवड्यात एकच पीएलसी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा, प्रोग्रॅमर हवा होता. दोघांना ते माहीत होतं आणि दोघं शेजारी बसले होते. पण एकाने साहेबांना सांगितलं, मग दुसऱ्याने साहेबांना सांगितलं, आणि साहेबांनी मिनिटभरात निकाल दिला. निकाल चांगला होता. साहेब हुशार आहेत, सगळी अडचण तिथेच आहे.

दुसरं लक्षात आलं ते म्हणजे ट्रॅकरवर लाल चौकोन जवळजवळ नव्हताच. दोन प्रोजेक्ट उघड उघड लांबलेले होते, तरी पिवळे. लाल रंग फक्त डिस्पॅचच्या तारखेच्या आदल्या दोन-तीन दिवसांत उगवायचा.

बाणांचं ते पान मी पाचही जणांना एकत्र बसवून दाखवलं. आधी हसले. मग पॅनल शॉपमधून वर आलेले मॅनेजर म्हणाले, "साहेबच विचारतात, तर उत्तर दुसऱ्या कोणाला देणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते देणं माझं कामही नव्हतं. पण हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला.

एकेकटी सेशन सुरू केली कॉन्फरन्स रूममध्ये. ती काचेची. येणारा-जाणारा डोकावायचा, आणि दुपारपर्यंत शॉपमध्ये चर्चा की अमक्याला मॅडमनी दीड तास आत बसवलं, काहीतरी भानगड दिसते. म्हणून स्टोअरच्या वरची एक रिकामी खोली घेतली. साईट सांभाळणारे मॅनेजर तिथेही आक्रसून बसायचे, म्हणून त्यांच्याबरोबर मी कंपनीतून निघून पांडवलेणीच्या पायथ्याशी चालायला लागले. चालताना माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे जीभ सुटते.

कोचिंगच्या वर्गात बहुतेकांना 'ग्रो' नावाची पद्धत शिकवतात. आधी ध्येय, मग सध्याची परिस्थिती, मग पर्याय, मग निश्चय. ही रूढ करणाऱ्यांत ब्रिटनच्या जॉन व्हिटमोर यांचं नाव घेतलं जातं. गृहस्थ मूळचे मोटार रेसिंगवाले, १९६५ ची युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकलेले. गाड्यांच्या कारखान्यांसाठी कन्व्हेयर बनवणाऱ्या कंपनीत हे सांगितलं की लोक जरा सावरून बसतात. पण माझा अनुभव असा की आपल्याकडे ध्येयापासून सुरुवात केली तर गाडी तिथेच बंद पडते. "तुम्हाला काय साध्य करायचंय?" असं विचारलं की भिंतीवरच्या फ्रेममधलं वाक्य ऐकायला मिळतं: कस्टमर सॅटिस्फॅक्शन, ऑन टाइम डिलिव्हरी. खरं काय ते नाही. मी "काल काय झालं?" इथून सुरुवात करते. ध्येय मागून आपोआप बाहेर येतं, आणि बहुधा फ्रेममधल्यापेक्षा वेगळं असतं.

पॅनल शॉपवाल्या मॅनेजरांशी झालेलं हे बोलणं त्यांच्या परवानगीने लिहिते आहे.

"काल घरी किती वाजता गेलात?"

"साडेदहा झाले."

"काय चाललं होतं?"

"पॅनलचं कंटिन्युइटी चेकिंग. आज एफएटी होती ना, कस्टमर येणार होते." कंटिन्युइटी चेकिंग म्हणजे प्रत्येक वायर नीट जोडली आहे ना ते तपासणं, आणि एफएटी म्हणजे माल कारखान्यातून निघण्याआधी ग्राहकासमोर होणारी चाचणी.

"हे चेकिंग कोणाचं काम?"

"टेस्टिंगच्या मुलाचं. पण तो नवीन आहे."

"कधी लागला तो?"

ते थांबले. मग स्वतःच हसायला लागले. "दोन वर्षं झाली."

"काल तुम्ही थांबला नसतात तर?"

"एखादी चूक राहिली असती."

"मग?"

"आज एफएटीत सापडली असती."

"मग?"

"मग त्या मुलाला कळलं असतं नीट बघायला हवं होतं." बराच वेळ गेला. बाहेर क्रेनचा भोंगा वाजत होता. "पण मॅडम, कस्टमरसमोर इज्जत माझी गेली असती. या कंपनीत पॅनल म्हटलं की माझं नाव घेतात."

इथे खरी गोष्ट टेबलावर आली. कामं वाटून देता येत नाहीत याचं कारण त्यांना डेलिगेशन समजत नव्हतं हे नाही. वर्गात विचारलं असतं तर त्यावर त्यांनी चार मुद्दे सांगितले असते. पण पंधरा वर्षं त्यांची ओळख ज्या गोष्टीवर उभी आहे ती दुसऱ्याच्या हातात द्यायची होती. त्या दिवशी मी पुढे काही विचारलं नाही. पुढच्या वेळी तेच तोडगा घेऊन आले: एफएटीच्या आदल्या दिवशी घरातल्या घरात एक एफएटी घ्यायची, मुलाने करायची, आणि आपण फक्त बघायचं. "हात मागे बांधून उभा राहीन," म्हणाले. पहिल्या वेळी हात मागे राहिले नाहीत, हे त्यांनीच येऊन सांगितलं. नंतर राहिले. मुलाच्या नजरेतून दोन टर्मिनल सुटले, ते घरातच सापडले, मुलाने ते रात्री थांबून नीट केले. मॅनेजर सात वाजता घरी गेले आणि घरी काय करायचं हे कळेना म्हणून साडेआठला मुलाला फोन केला. हेही त्यांनीच सांगितलं.

"मॅडम, तुम्हीच सांगा ना काय करू" हे वाक्य पहिल्या दोन महिन्यांत मी इतकं ऐकलं की मोजायचं सोडून दिलं. कोचिंगच्या कर्मठ मंडळींचा आग्रह असतो की कोचने कधीच उत्तर द्यायचं नाही, उत्तर समोरच्याच्या आतच असतं. मला हे अर्धंच पटतं. साईटवाल्या मॅनेजरांचं उदाहरण घ्या. ग्राहकाचं फाउंडेशनच तयार नव्हतं, त्यामुळे यांचं इरेक्शन, म्हणजे साईटवरची उभारणी, लांबलं, आणि करारात उशिराचा दंड होता. अशा करारांत दर आठवड्याला अर्धा टक्का आणि जास्तीत जास्त पाच टक्के असं कलम पुष्कळदा असतं, त्याला सगळे नुसतं एलडी म्हणतात. फाउंडेशन मिळालं नाही असं यांनी ग्राहकाला एकदाही लेखी कळवलेलं नव्हतं. सगळं फोनवर, तेही गोडीगुलाबीने. अशा माणसाला "तुम्हाला यावर काय वाटतं?" असं विचारत बसणं म्हणजे त्याची थट्टा करण्यासारखं आहे. ज्याने उशिराच्या नोटिशीचं पत्र कधी बघितलंच नाही त्याच्या आत ते पत्र कुठून असणार? मी म्हटलं, "पाच मिनिटं कोचची खुर्ची सोडते, जुनी प्रोजेक्टवाली म्हणून बोलते." रोजचा साईट रिपोर्ट, तारखेसह फोटो, फ्रंट, म्हणजे कामासाठी तयार जागा, मिळाला नाही त्याचं त्याच दिवशी पत्र, मुदतवाढीची मागणी, हे सगळं सांगितलं. मग परत खुर्चीवर येऊन विचारलं, "आतापर्यंत लिहिलं का नाही?"

"संबंध बिघडतात. आणि साहेब म्हणतात, पत्रापत्री कशाला, मी बोलतो त्यांच्या जीएमशी."

म्हणजे पुन्हा साहेब.

याच गृहस्थांची दुसरी खोड म्हणजे वाईट बातमी शेवटच्या क्षणी सांगायची. ट्रॅकरवरचे बरेचसे पिवळे चौकोन त्यांचेच. पांडवलेणीच्या पायथ्याशी चालता चालता मी त्यांना एमी एडमंडसन यांच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. १९९० च्या दशकात या अमेरिकन संशोधक रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. अंदाज होता की ज्या टीम चांगल्या त्यांच्या चुका कमी. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नोंदींत चुका जास्त दिसल्या. खोलात गेल्यावर लक्षात आलं की त्या टीममध्ये चूक सांगायची भीती नव्हती, म्हणून चुका नोंदवल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी झाकल्या जात होत्या.

ते ऐकून चालायचे थांबले. "आमच्याकडे गेल्या वर्षी एकाने महिनाभर आधी लाल केलं होतं मॅडम. साहेबांनी सगळ्यांसमोर असं धुतलं की त्याने दिवाळीनंतर नोकरी सोडली. तेव्हापासून आम्ही पिवळ्यावर आहोत."

मी विचारलं, "तुमच्या साईटवरचा फोरमन तुम्हाला वाईट बातमी कधी सांगतो?"

यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी साईटवर रोज संध्याकाळी दहा मिनिटांची बैठक सुरू केली, तिच्यात पहिला प्रश्न एकच: उद्या काय अडणार आहे? ऐकताना आवाज चढवायचा नाही असं स्वतःला बजावलं होतं. आवाज त्यांचा उपजतच मोठा आहे, त्यामुळे फोरमनला फरक कळायला वेळ लागला. पहिले काही दिवस सगळे "काही नाही सर" म्हणाले. मग एका वायरमनने सांगितलं की सोमवारपासून चार माणसं येणार नाहीत, कंत्राटदार त्यांना सिंहस्थाच्या कामावर नेतोय. एरवी हे सोमवारी दुपारी कळलं असतं.

डिझाइनमधून आलेल्या मॅनेजर बाईंचा प्रश्न वेगळाच. थ्रीडी मॉडेल, ड्रॉइंग अप्रूव्हल, ग्राहकाशी बोलणं, सगळ्यात त्या पुढे. पण फॅब्रिकेशनमधले जुने फिटर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. शॉपमध्ये त्यांना सगळे मामा म्हणतात. मामा समोर "हो ताई" म्हणायचे आणि जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दुसरंच ठरवून यायचे. साहेबांची आणि मामांची ओळख कंपनी एका गाळ्यात होती तेव्हापासूनची. बाईंना वाटायचं आपण कडक झालं पाहिजे. कडक होऊन बघितलं, तर मामा दोन दिवस रजेवर गेले.

आम्ही त्या खोलीत प्रसंगच उभे करून बघितले. मी मामा झाले. मला ते फार जड गेलं नाही, कारण असे तीन-चार मामा मीही सांभाळले आहेत. पहिल्यांदा बाई म्हणाल्या, "मामा, हे गुरुवारपर्यंत पाहिजे." मी म्हटलं, "हो ताई." आणि गप्प बसले. त्यांनाच जाणवलं की या संभाषणात मामांसाठी काहीच नाही, नुसता हुकूम आहे. पुन्हा केलं, पुन्हा केलं. शेवटी त्या ज्या वाक्यावर आल्या ते असं: "मामा, ड्रॉइंग मी काढलंय, पण वेल्डिंग तुम्ही करणार. यात तुम्हाला कुठे अडचण दिसते?" प्रत्यक्ष शॉपमध्ये हे विचारल्यावर मामांनी एक सपोर्ट दाखवला, तिथे वेल्डिंगची टॉर्च जातच नव्हती. ड्रॉइंग बदललं आणि रिव्हिजनच्या शेऱ्यात बाईंनी मामांचं नाव लिहिलं. केबिनच्या फेऱ्या कमी झाल्या, पण बंद नाही झाल्या. त्या बंद व्हायच्या तर केबिनमधून नकार यायला हवा होता, आणि तो आमच्यापैकी कोणाच्याच हातात नव्हता.

निम्मा काळ संपल्यावर मालकांशी बैठक ठरलेली होती. पाचही जण आणि मी. आदल्या दिवशी मी पाचांना विचारलं, बाणांचं पान दाखवू का? डिझाइनच्या बाई म्हणाल्या, दाखवा, पण आधी फक्त साहेबांना, एकटे असताना. शहाणपणाचं होतं. मी अर्धा तास आधी गेले.

मालकांनी चष्मा लावून पान बराच वेळ पाहिलं. "म्हणजे प्रॉब्लेम मी आहे."

"पानावर तसं काही लिहिलेलं नाही. बाण मोजले आहेत फक्त."

मग ते गाळ्याच्या दिवसांबद्दल बोलले. दोन कामगार, एक उसना वेल्डिंग सेट, रात्री माल टेम्पोत घालून स्वतः कसारा घाट उतरायचे. "तेव्हा मी नसतं विचारलं तर कोण विचारणार होतं?" खरंच आहे. तेव्हाचं शहाणपण आताच्या पाच प्रोजेक्टांच्या आड येतंय, हे त्यांना दिसत होतं, पण मी बोलून दाखवलं असतं तर त्यांनी मोडून काढलं असतं. मी फक्त विचारलं, "पुढच्या सोमवारी कोणता एक निर्णय तुमच्याकडे आला नाही तर तुम्हाला बरं वाटेल?"

"एकच? अहो, निम्मे!"

त्या वाक्यावर सहा महिन्यांतलं सगळ्यात उपयोगी काम झालं. सहा जणांनी मिळून तीन याद्या केल्या. पहिल्या यादीतलं मॅनेजरने ठरवायचं आणि नंतर कळवायचं. दुसऱ्यातलं आधी बोलून मग मॅनेजरनेच ठरवायचं. तिसरं साहेबांचं. साईटवरची पंचवीस हजारांपर्यंतची खरेदी, ओव्हरटाइम, कोणता माणूस कोणत्या प्रोजेक्टवर, उशिराची पत्रं, ही पहिल्या यादीत. ग्राहकाला कबूल केलेली तारीख बदलणं आणि किमतीतली सूट तिसऱ्यात. मालकांनी त्याच रात्री पहिल्या यादीतल्या निम्म्या ओळी खोडल्या, आणि दोन दिवसांनी त्यातल्या बऱ्याच परत लिहिल्या. पत्रांची ओळ राहिली. प्रोग्रॅमर कोणाला द्यायचा हे पाचांनी आपापसांत ठरवायचं, साहेबांकडे आणायचंच नाही, हीसुद्धा राहिली.

याद्यांची परीक्षा लवकरच झाली. साईटवर केबल कमी पडली, मॅनेजरांनी तिथल्याच डीलरकडून महाग भावाने घेतली, काम थांबू दिलं नाही. अकाउंट्सने बिल साहेबांसमोर ठेवलं. संध्याकाळी मला फोन आला. "मॅडम, हा रेट बघा. काय बोलू मी त्याला?"

"रक्कम यादीत बसते?"

"बसते."

"मग?"

फोनवर मोठा उसासा ऐकू आला. ते बोलले नाहीत त्याला काही. मला विचाराल तर त्या अर्ध्या वर्षात कोणी सर्वांत अवघड काम केलं असेल तर ते त्यांनी, आणि त्यांच्यासाठी तर सेशनही ठेवलेलं नव्हतं.

आता ज्यांच्याबाबत गोष्ट अशी सरळ झाली नाही ते दोघे.

सगळ्यात तरुण मॅनेजरकडे पीएमपी प्रमाणपत्र होतं. ही परीक्षा घेणारी अमेरिकन संस्था, प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, १९६९ पासूनची आहे. जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी परीक्षेची मांडणी बदलली तेव्हा माणसं सांभाळण्याच्या भागाला ४२ टक्के वजन दिलं, आणि पुढे २०२२ मध्ये अशा कौशल्यांना 'पॉवर स्किल्स' असं नाव दिलं. त्या मुलाला हे सगळं पाठ. टीममध्ये वाद झाला तर आधी दोघांशी खासगीत बोला, हे परीक्षेतलं बरोबर उत्तर त्याने टिक केलेलं. आणि मीटिंगमध्ये पावडर कोटिंगवाल्या व्हेंडरचा उशीर सगळ्यांसमोर परचेसच्या माणसावर ढकलायचा. मी त्याला हे दाखवल्यावर म्हणाला, "परीक्षेत समोर साहेब नव्हते." हुशार मुलगा.

तिसऱ्या की चौथ्या सेशनला त्याने सांगितलं की पुण्याहून ऑफर आहे. चाकणमध्ये, जवळजवळ दीडपट पगार. नाशिकच्या कंपन्यांना हे दुखणं नवीन नाही. माणूस घडवायचा आपण आणि तो पुणे रस्त्याला लागायचा. मालकांनी ज्याच्यावर सर्वांत मोठा प्रोजेक्ट सोपवायचं ठरवलं होतं तो हाच. आणि मला ते ठाऊक होतं, आणि मी सांगू शकत नव्हते. दर सोमवारी त्या मीटिंगमध्ये वही घेऊन बसायचे, मालक त्याच्याकडे कौतुकाने बघत पुढच्या वर्षाचं बोलायचे, आणि मी बाण काढत राहायचे.

त्याने जावं की राहावं हा माझा विषय नव्हता. आम्ही काम केलं ते एवढ्यावरच की जाणार असशील तर कसा जाणार. नोटीसच्या शेवटच्या दिवशी मेल टाकून, की टीमच्या हातात काम नीट देऊन? त्याने ठरवलं होतं त्यापेक्षा बरंच आधी साहेबांना समोर बसून सांगितलं. ज्युनिअरला दोन महिने बरोबर घेऊन फिरला. तरी मालकांचा फोन आलाच. "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, आपलं ते एक पान काढून बघा. पलीकडे शांतता, मग फोन ठेवल्याचा आवाज. पुढचे काही सोमवार माझ्याशी बोलणं फक्त चहापुरतं होतं. पण बाकीच्या चौघांच्या बोलण्यात त्यानंतर एकदम मोकळेपणा आला. त्यांनी हिशेब केला असावा की या बाईंनी ते सांगितलं नाही म्हणजे आपलंही सांगणार नाहीत. त्या एका गोष्टीने जेवढा विश्वास मिळवला तेवढा माझ्या कोणत्याच प्रश्नाने मिळवला नसता, हेही कबूल करायला हवं.

दुसरे म्हणजे वयाने सगळ्यांत मोठे मॅनेजर. त्यांच्याशी बोलताना हळूहळू एवढंच बाहेर आलं की त्यांना माणसं सांभाळायचीच नाहीत. त्यांना ड्राइव्ह आणि गिअरबॉक्सची गणितं आवडतात. मॅनेजर झाले कारण पगार तिथेच वाढत होता, आणि नको म्हणणं म्हणजे प्रमोशन नाकारणं. नेतृत्वाच्या कोचिंगमधून कोणी "मला नेतृत्व नको" अशा निष्कर्षाला आला तर ते अपयश मानणारे लोक आहेत. मला तसं वाटत नाही. पण घरचा प्रश्न होता. मुलीचं लग्न ठरत होतं. "व्याह्यांना काय सांगू? खाली आणलं म्हणून?" कंपनीत तज्ज्ञांसाठी वेगळी जागाच नव्हती. शेवटी पगार तोच ठेवून, कार्डावर भारदस्त इंग्रजी हुद्दा छापून, त्यांना डिझाइन रिव्ह्यूचं काम दिलं गेलं. हे जुळवून आणलं ते डिझाइनच्या बाईंनी, तीन याद्यांमधल्या दुसऱ्या यादीचा आधार घेऊन, आणि मला त्याची बातमी नंतर कळली.

कामाचा हिशेब मागाल तर तो मिश्र आहे. पॅनल शॉपवाले अजून मोठ्या ग्राहकाच्या एफएटीला हात पुढे घेतात. ट्रॅकरवर लाल चौकोन आता महिनाभर आधी दिसतात, त्यामुळे ट्रॅकर पूर्वीपेक्षा भयंकर दिसतो आणि बँकेचे लोक आले की मालक ती स्क्रीन बंद ठेवतात. साईटवाल्यांनी उशिराची पत्रं लिहायला सुरुवात केली. पहिल्या पत्रावर ग्राहक चिडले, नंतरच्या पत्रांवर मुदतवाढ मिळाली. रात्री साईटवरच्या फिटरला थेट फोन करायची मालकांची सवय मात्र तशीच आहे. फरक एवढाच की आता फिटर फोन ठेवल्यावर मॅनेजरला कळवतो.

आता मालकांना दुसरी बॅच हवी आहे, या वेळी परचेस आणि प्रॉडक्शनच्या हेडची. मी अट घातली आहे की पहिलं सेशन त्यांचं स्वतःचं. "मला कशाला?" हे झालंच. मग म्हणाले, सोमवारच्या रिव्ह्यूनंतर सांगतो. एक आड एक सोमवारी ती मीटिंग आता त्यांच्याविना होते, त्यामुळे नेमका कोणता सोमवार हे मी विचारलं आहे. उत्तर यायचंय.